पुणेरी पलटणीचा विजयी हंगाम

हुतुतू हा महाराष्ट्राच्या मातींत मुरलेला खेळ. दम, चढाई आणि पकड या शब्दांचा अर्थ जळगांव-धुळ्याकडील श्रोत्यांस सांगावयास नको. हौसेखातर खेळला जाणारा हा खेळ १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत शिरला. आणि २०१४ सालीं प्रो कबड्डी स्पर्धा निघाली तेव्हां खेळाडूंच्या चरितार्थाचें साधनही झाला.

त्याच वर्षीं 'पुणेरी पलटण' मैदानांत उतरली. आरंभींचीं दोन वर्षें ती तळाशींच राहिली. पुढें १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईस झालेल्या अंतिम सामन्यांत जयपूरच्या संघानें तिला ३३-२९ असें हरविलें. चार गुणांनीं हुकलेलें तें पद मनास लागून राहिलें.

पुढील हंगामांत नेतृत्व नगरकडील तरुण अस्लम इनामदार याजकडे होतें, शिक्षण बी. सी. रमेश यांचें. पकडीसाठीं इराणचा मोहम्मदरझा शादलूई २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतला होता. २२ साखळी सामन्यांपैकीं १७ जिंकले, ३ बरोबरींत सुटले, दोनच गमावले. ९६ गुणांनीं पलटण अग्रस्थानीं आली.

१ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणाशीं गांठ पडली. पंकज मोहिते यानें एकाच चढाईंत ४ गुण आणले, आणि पलटणीनें २८-२५ असा विजय मिळविला. पूर्वीं चार गुणांनीं गेलेलें पद तीन गुणांनीं लाभलें! जय आणि पराजय यांतील अंतर बहुधा एका दमाएवढेंच असतें. तो दम टिकविणें हीच खरी साधना.