न झालेल्या प्रवासांची मोजदाद

वार्धक्य आणि रोजची ये-जा हा विषय अभ्यासाला घेणाऱ्यांनी आधी एखाद्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर तासभर बसावं. गाडी फलाटाला लागते, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या जातात, दाराशी रेटारेटी होते. पंचाहत्तरी गाठलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. पण आजींच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी आणि पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. दांडा धरायचा कशाने? ‘मागच्या गाडीनं जाते,’ म्हणत त्या बाजूला होतात. तिकिटांच्या हिशेबात त्या कुठेच उमटत नाहीत.

वाहतुकीचं शास्त्र झालेले प्रवास मोजत वाढलं, त्यातही कामाधंद्याला जाणाऱ्यांचे. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मात्र न झालेला प्रवास जास्त बोलका असतो. या क्षेत्राचं खरं काम तिथेच आहे, असं माझं मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ‘सक्रिय वार्धक्या’ची चौकट मांडली ती आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता या तीन खांबांवर. २००७मध्ये वयस्कस्नेही शहरांची मार्गदर्शिका आली. ती ३३ शहरांतल्या अनुभवांवर बेतलेली होती. त्यांत दिल्ली आणि उदयपूरही होती. तिच्यातल्या आठ विषयांपैकी वाहतूक हा एक. उरलेल्या विषयांतल्या बहुतेकांसाठी आधी उंबरठा ओलांडावा लागतो, हे त्या यादीकडे बघून चटकन लक्षात येत नाही.

वार्धक्याचे अभ्यासक लॉटन आणि नाहेमो यांनी १९७३मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. माणसाची क्षमता आणि भोवतालचा दाब यांचा मेळ बसला तर निभावतं. क्षमता घटली की तोच दाब जड होतो. इंग्लंडमधलं उदाहरण घ्या. तिथले पादचारी सिग्नल सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस गृहीत धरत. २०१२च्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला. रस्ता दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश ओलांडला जातो तोच दिवा बदलतो. आता दोष गुडघ्यांचा की दिव्याचा?

पाश्चात्त्य ग्रंथांत ‘गाडी चालवणं सोडल्यावर काय’ यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. आपल्याकडच्या बहुसंख्य वृद्धांनी चारचाकीचं स्टिअरिंग कधी धरलेलंच नाही. त्यांचा प्रवास पायी, एसटीने, वडापने, नाहीतर नातवाच्या गाडीवर मागे बसून. नातवाला सवड असेल तेव्हा दवाखाना. देवळाचं तर कोण विचारतो! हे परावलंबन कुठल्या तक्त्यात बसवायचं, यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं.

सुरुवातीला हाताशी चांगली सामग्री आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांशी बोलणं झालं. पण घरोघर जाण्याला पर्याय नाही. ‘कुठं जायचं राहून गेलं?’ असं विचारलंत तर ‘आता या वयात कुठं जायचं असतंय?’ हे ठरलेलं उत्तर मिळेल. ते लिहून उठू नका. बँक, बारसं, पारायण, बहिणीचं गाव असं एकेक नाव घेऊन विचारा. आणि आजी बोलत असताना मुलगा-सून शेजारी बसलेली नसतील, एवढं बघा.