बिलियन

बिलियन : इंग्रजी भाषेतील एक संख्यावाचक नाम. आधुनिक इंग्रजीत त्याचा अर्थ एक हजार मिलियन, म्हणजे एकावर नऊ शून्ये असलेली संख्या, असा असून मराठीत ती १०० कोटी किंवा एक अब्ज होय. तथापि ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत याच शब्दाचा प्रमाण अर्थ एक मिलियन मिलियन, म्हणजे एकावर बारा शून्ये (एक लाख कोटी), असा होता. आणि जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश इ. भाषांतील त्याची सजातीय रूपे आजही याच दुसऱ्या मूल्यासाठी वापरली जातात. दोन्ही मूल्यांत हजार पटींचे अंतर आहे. मण, शेर, कोस यांसारख्या मापांची मूल्ये प्रदेशपरत्वे बदलतात, ही गोष्ट परिचित आहे. परंतु शुद्ध संख्येच्या नावाला एकाच भाषेत दोन मूल्ये असावीत, हा प्रकार विरळा होय. जुने इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्यास तो आजही अडचणीत आणतो.

या शब्दाचे मूळ ‘मिलियन’ या शब्दात आहे. रोमन लोकांच्या भाषेत ‘मिल्ले’ (हजार) याच्या वरच्या संख्येसाठी स्वतंत्र नाव नव्हते. दहा लाख ही संख्या ते ‘दहा वेळा शंभर हजार’ अशी फोड करून सांगत. मध्ययुगाच्या उत्तरकाळात इटलीतील व्यापार व सावकारी वाढली, तेव्हा हिशेबाच्या वह्यांना आटोपशीर शब्दाची गरज भासू लागली. इटालियन भाषेने ‘मिल्ले’ला थोरपणा दर्शविणारा ‘ओने’ हा प्रत्यय जोडून ‘मिल्लिओने’ असा शब्द घडविला. मराठीत ‘सुरी’चा ‘सुरा’ होतो, त्याच धर्तीवर हा ‘मोठा हजार’ होय. तो फ्रेंचमधून इंग्रजीत चौदाव्या शतकात आला; लँग्लंडच्या पिअर्स प्लाउमन या काव्यात तो आढळतो. त्याचे मूल्य मात्र कोठेही बदलले नाही. पुढील सर्व गोंधळ त्याच्या अपत्यांविषयीचा आहे.

मिलियनच्या पलीकडील नावे पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये रचली गेली. १४७५ च्या सुमारास झेआं आदाम याच्या लेखनात ‘बिमिलियन’ व ‘ट्रिमिलियन’ ही रूपे येतात. त्यानंतर निकोला श्यूके या गणितज्ञाने लीआँ येथे १४८४ मध्ये लिहिलेल्या संख्याशास्त्रावरील ग्रंथात बिलियन, ट्रिलियन, क्वाड्रिलियन अशी नॉनिलियनपर्यंतची मालिका दिली. त्याची रीत अशी की, मोठी संख्या उजवीकडून सहा-सहा अंकांच्या गटांत तोडावयाची. पहिल्या खुणेला मिलियन म्हणावयाचे, दुसरीला बिलियन, तिसरीला ट्रिलियन. ७४५३२४’८०४३००’७०००२३’६५४३२१ ही त्याने उदाहरणादाखल दिलेली संख्या ७४५३२४ ट्रिलियन, ८०४३०० बिलियन, ७०००२३ मिलियन व ६५४३२१ अशी वाचली जाते. या योजनेत नाव आणि मूल्य यांचा मेळ पूर्ण आहे. लॅटिन ‘बी’ म्हणजे दोनदा; मिलियनला मिलियनने एकदा गुणले की बिलियन, आणखी एकदा गुणले की ट्रिलियन. उपसर्गावरून घात कळावा, इतकी ही नावे पारदर्शक आहेत. श्यूकेचे हस्तलिखित १८८० पर्यंत अप्रकाशितच राहिले. परंतु एत्येन द ला रॉश याने १५२० मध्ये लीआँ येथेच छापलेल्या आपल्या अंकगणितात त्यातील पुष्कळसा भाग, मूळ लेखकाला फारसे श्रेय न देता, उतरवून घेतला. त्यायोगे ही नावे प्रसार पावली.

इंग्रजीत या शब्दाच्या प्रारंभीच्या उपयोगांपैकी एक तत्त्वज्ञ जॉन लॉक याच्या १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी आकलनावरील निबंधात आहे. संख्येची स्पष्ट कल्पना बाळगण्यास नावांची जरुरी असते, हे दाखविताना त्याने पाचापुढील संख्यांना नावे नसलेल्या ब्राझीलमधील तुपिनांबा लोकांचा दाखला दिला. आणि उलट बाजूने, सहा-सहा अंकांचे दहा गट मांडून त्यांवर मिलियनपासून नॉनिलियनपर्यंतची नावे लिहून दाखविली. लॉकचा बिलियन अर्थातच बारा शून्यांचा होता.

दरम्यान खुद्द फ्रान्समध्ये, सतराव्या शतकात, अंकांचे गट सहांऐवजी तिनांचे करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. नावे तीच राहिली, पण आता प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या हजार पट झाले : हजार मिलियन म्हणजे बिलियन, हजार बिलियन म्हणजे ट्रिलियन. यामुळे व्युत्पत्तीचा धागा तुटला. बिलियनमधील ‘दोन’ हा आकडा आता कशाचाही निदर्शक राहिला नाही. तो केवळ अनुक्रम सांगणारी खूण बनला. फ्रेंचमध्ये याच संख्येसाठी ‘मिलिआर’ हा आणखी एक शब्द प्रचारात होता, आणि व्यवहारात तोच अधिक चालला. इंग्लंड व जर्मनी यांनी मात्र जुना अर्थ टिकवून धरला. त्यांतही जर्मनांनी हजार मिलियनसाठी फ्रेंचांचा ‘मिलिआर्ड’ उचलला; इंग्रजीत तो कोशांत नोंदला गेला, पण जनमानसात रुजला नाही. इंग्रज माणूस ‘एक हजार मिलियन’ असे लांबलचक म्हणत राहिला.

फ्रान्स-जर्मनी युद्धानंतर १८७१ मध्ये फ्रान्सवर जी युद्धखंडणी लादली गेली, तिची रक्कम ‘पाच मिलिआर फ्रँक’, म्हणजे ५०० कोटी फ्रँक, अशा शब्दांत ठरली. हा शब्द दोन्ही पक्षांच्या भाषांत एकाच मूल्याचा होता. ‘पाच बिलियन’ असे शब्द पडले असते, तर फ्रेंच वाचनानुसार देणे तेवढेच राहिले असते आणि जर्मन वाचनानुसार ते हजार पट ठरले असते.

नव्या, लहान अर्थाला खरे बळ मिळाले ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथील अंकगणिताच्या पुस्तकांनी फ्रेंच पद्धती स्वीकारली आणि एकोणिसाव्या शतकात ती सर्वमान्य झाली. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्जाने १०० कोटी डॉलरांची मर्यादा प्रथमच ओलांडली. १८६५ पर्यंत ते सु. २६८ कोटींवर गेले. १८८९–९१ या काळातील प्रतिनिधिमंडळाला त्याच्या खर्चिकपणामुळे ‘बिलियन डॉलर काँग्रेस’ असे टोपणनाव पडले. येथे या शब्दाच्या इतिहासातील निर्णायक कारण दिसते. बारा शून्यांच्या संख्येची त्या काळी खगोलशास्त्रज्ञ सोडले तर फारशी कोणालाच गरज नव्हती. नऊ शून्यांची संख्या मात्र दरवर्षी अर्थसंकल्पात येऊ लागली होती. जी संख्या वारंवार उच्चारावी लागते तिला सुटसुटीत नाव हवे असते, आणि ते तयारच होते. श्यूकेची मूळ योजना अधिक तर्कशुद्ध होती, यात शंका नाही. पण राज्यांची कर्जे शब्दाच्या व्युत्पत्तीची वाट पाहत थांबली नाहीत.

बारा शून्यांच्या बिलियनवर रोजच्या व्यवहारात येण्याची वेळ शोचनीय परिस्थितीत आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाची अधोगती होऊन नोव्हेंबर १९२३ मध्ये एका अमेरिकन डॉलरचा भाव ४·२ बिलियन मार्क (जर्मन अर्थाने ४·२ लाख कोटी) झाला. त्याच महिन्यात आलेले ‘रेंटनमार्क’ हे नवे चलन बरोबर एक बिलियन जुन्या कागदी मार्कांच्या बदल्यात देण्यात आले, आणि १९२४ मध्ये तर १०० बिलियन मार्कांची नोट निघाली. आजच्या इंग्रजी पुस्तकांत हेच आकडे ४·२ ट्रिलियन, एक ट्रिलियन व १०० ट्रिलियन असे आढळतात. जर्मन कागदपत्रांवरून थेट ‘बिलियन’ असे उतरवून घेणारा लेखक या महागाईची तीव्रता नकळत हजारपटीने कमी करतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास या गोंधळाने विलक्षण वळण घेतले. १९४८ मध्ये वजने व मापे यांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे आलेल्या फ्रेंच मसुद्यात सर्व देशांनी जुन्या, सहा अंकी पद्धतीकडे परतावे अशी सूचना होती. परिषदेने त्यावर काही ठराव केला नाही. १९६१ मध्ये फ्रान्सने स्वतःपुरता हा बदल हुकूमनाम्याने पक्का केला आणि फ्रेंच बिलियन पुन्हा बारा शून्यांचा झाला. ब्रिटनमध्ये याच सुमारास अमेरिकन वृत्तसंस्था व वित्तबाजार यांच्या प्रभावाने लहान अर्थ वृत्तपत्रांत शिरत होता. मंत्र्यांनी हा शब्द केवळ ‘मिलियन मिलियन’ या ब्रिटिश अर्थानेच वापरावा, अशी मागणी हुजूर पक्षाच्या एका सभासदाने पार्लमेंटात केली, तेव्हा २० डिसेंबर १९७४ रोजी दिलेल्या लेखी उत्तरात पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी ती अमान्य केली. हा शब्द आता आंतरराष्ट्रीय व्यवहारात हजार मिलियन या अर्थाने चालतो आणि ब्रिटिश मंत्र्यांनी निराळ्या अर्थाने वापरल्यास घोटाळा होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अशा रीतीने अवघ्या पंचवीस-तीस वर्षांत खाडीच्या दोन्ही तीरांवरील शेजाऱ्यांनी परस्परांचे बिलियन अदलाबदल करून घेतले.

इतर भाषांची स्थिती संमिश्र आहे. रशियन व तुर्की भाषांत हजार मिलियनला मिलिआर्डसारखा शब्द आहे, पण त्याच्या पुढची पायरी एकदम ट्रिलियन ही आहे. पोर्तुगीज भाषेत पोर्तुगालचा बिलियन बारा शून्यांचा, तर ब्राझीलचा नऊ शून्यांचा. स्पॅनिश अकादमीने हजार मिलियनसाठी ‘मिल्यार्दो’ हा शब्द १९९५ मध्ये मान्य केला.

भारतीय संख्यानामांतही असे स्थलांतर झालेले आहे. वाजसनेयी संहितेतील दशगुणोत्तर मालिकेत ‘परार्ध’ हे एकावर बारा शून्यांचे नाव आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ते सतरा शून्यांचे झाले. ‘अर्बुद’ संहितेत सात शून्यांचे, लीलावतीत आठ शून्यांचे आणि त्याचा वंशज असलेला हिंदी ‘अरब’ नऊ शून्यांचा. मराठी ‘खर्व’ हजार कोटींचा, तर हिंदी ‘खरब’ दहा हजार कोटींचा. मराठी लेखनात बिलियनसाठी ‘अब्ज’ हा शब्द रूढ झाला असून लीलावतीतील मूल्याशी तो बरोबर जुळतो. जुन्या ब्रिटिश ग्रंथाचा अनुवाद करताना मात्र तो डोळे मिटून योजता येत नाही. प्रकाशवर्ष सु. ५·८८ बिलियन मैलांचे आहे, हे विधान जुन्या अर्थाने बरोबर आहे. तेथे ‘अब्ज’ लिहिल्यास प्रकाशवर्षाची लांबी सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराच्या जेमतेम दुप्पट भरेल.

शास्त्रज्ञांनी यातून स्वतःपुरती सुटका करून घेतली आहे. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत नऊ शून्यांसाठी ‘गिगा’ व बारा शून्यांसाठी ‘टेरा’ हे उपसर्ग स्वीकारण्यात आले. त्यांचे मूल्य भाषेवर अवलंबून नाही. रसायनशास्त्रातील ‘दर बिलियनमागे भाग’ ही सोयीची परिभाषा अद्याप प्रचारात असली, तरी भाषेनुसार तिचा अर्थ पालटतो या कारणास्तव ती टाळावी, असे आंतरराष्ट्रीय वजने-मापे संस्थेच्या पुस्तिकेत म्हटले आहे. पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकाची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा इंग्रजी अहवालांत दर बिलियनमागे १० भाग अशी आढळते. जुन्या अर्थाने वाचल्यास ती एक हजारांशावर येईल. संघटनेच्या मार्गदर्शिकेत ती दर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम अशी दिलेली असते.