शेजारच्या गावाचा इतिहास : खडकवासला

मोठ्या वास्तूच्या शेजारी वसलेल्या गावाचे एक दुर्दैव असते. त्याचे नाव साऱ्या देशाला ठाऊक असते आणि ते नाव उच्चारताना गाव मात्र कोणाच्याच मनात नसते. अमेरिकेत हडसन नदीच्या काठी, वेस्ट पॉइंट येथे, १८०२ साली लष्करी अकादमी स्थापन झाली. तिच्या दाराशीच हायलंड फॉल्स नावाचे एक लहानसे गाव आहे. अकादमीचा इतिहास सांगणारी पुस्तके पुष्कळ. गावाची आठवण त्यांत झाली तर प्रवेशद्वारापुरतीच होते. आपल्याकडे याच जातीचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीकाठी असलेले खडकवासला. हायलंड फॉल्सला निदान स्वतःचे नाव स्वतःपुरते उरले. खडकवासल्याचे नाव आधी धरणाने घेतले, मग तलावाने आणि शेवटी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने. गावाच्या वाट्याला त्या नावातला किती अंश राहिला, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

मराठी वाचकाच्या मनात हा परिसर आला तो सिंहगडाच्या वाटेने. १६७० साली तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा सर केला. त्या प्रसंगावर हरि नारायण आपटे यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली आणि गड मराठी मनात कायमचा कोरला गेला. पुढे गडावर जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखी खडकवासला म्हणजे वाटेवरचा एक थांबा. गडाचे वर्णन करणारा लेखक पायथ्याशी पोचेपर्यंत लेखणी उचलत नाही, हा आपल्या प्रवासलेखनातला जुना संकेतच म्हणावा लागेल.

नावाचे पहिले हस्तांतर इंग्रजी अमदानीत झाले. पुणे शहर, तेथील लष्करी छावण्या आणि मुठेच्या खोऱ्यातील शेती यांना पाणी मिळावे म्हणून १८६९ साली येथे दगडी धरणाचे काम सुरू झाले व ते १८७९ च्या सुमारास पुरे झाले. धरणाची योजना करणाऱ्या फाईफ या लष्करी अभियंत्याचे नाव तलावाला मिळाले आणि सरकारी कागदांत तो 'लेक फाईफ' झाला. लोकांनी ते नाव फारसे मनावर घेतले नाही. त्यांच्या तोंडी धरणही खडकवासला आणि तलावही खडकवासलाच राहिला. लोकांनी आपले नाव राखले खरे, पण राखताराखता त्याचा अर्थ बदलला. 'खडकवासल्यात पाणी किती आहे?' असे पुणेकर आजही विचारतात, तेव्हा ते गावाबद्दल विचारत नसतात.

दुसरे हस्तांतर स्वातंत्र्यानंतरचे. भूदल, नौदल व वायुदल यांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देणारी संस्था असावी, अशी शिफारस ऑकिनलेक समितीने १९४६ च्या अखेरीस केली. जगभरच्या लष्करी अकादम्यांचा अभ्यास करून ती केलेली होती. तात्पुरती सोय म्हणून १९४९ च्या आरंभी डेहराडून येथे काम सुरू झाले आणि कायमच्या जागेसाठी खडकवासल्याची निवड झाली. मुंबई राज्याने तलावाकाठची ८,०२२ एकर जमीन दिली. तलाव, भोवतालचे डोंगर, लोहगावचा विमानतळ आणि मुंबईचे सान्निध्य ही निवडीची कारणे सांगितली जातात. आणखी एक कारण मोठे विलक्षण आहे. समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा सराव करण्यासाठी तलावाच्या उत्तर काठावर पूर्वी एक प्रशिक्षण केंद्र होते आणि तेथे 'अँगोस्टुरा' नावाचे एक नकली जहाज उभे होते. सह्याद्रीच्या कुशीत, शेतीच्या पाण्यासाठी अडविलेल्या नदीच्या काठी सागरी युद्धाची रंगीत तालीम! गावाला विचारून यांतले काही झाले असेल, असे मानण्यास आधार नाही.

६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्‌घाटन झाले. तिच्या मुख्य इमारतीचे नाव 'सुदान ब्लॉक'. पूर्व आफ्रिकेतील मोहिमेत भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाची कृतज्ञता म्हणून सुदानच्या सरकारने स्मारकासाठी १ लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यांतले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या वास्तूला लागले. म्हणजे सुदानच्या रणभूमीची आठवण मुठेच्या काठी दगडांत जपली गेली. ती जपली जावी हे योग्यच. पण एका दूरच्या देशाची स्मृती जेथे इतक्या निगुतीने सांभाळली जाते, तेथल्या मातीची स्मृती कोण सांभाळतो, असा प्रश्न या वास्तूकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. प्रबोधिनीच्या वाटेवर 'न्यू कोपरे' असे एका वस्तीचे नाव भेटते. गावाच्या नावाआधी 'न्यू' लागते तेव्हा कोठे तरी एक जुने कोपरेही असते. तो एक शब्द हाच एक इतिहासग्रंथ आहे, फक्त तो लिहिला गेलेला नाही.

येथील भूगोलही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रबोधिनी तलावाच्या उत्तर अंगाला आणि गाव धरणाच्या दक्षिण अंगाला, सिंहगडच्या रस्त्यावर. प्रबोधिनीचा पिनकोड ४११०२३, तर गावाकडच्या टपालाचा ४११०२४, आणि त्या टपाल कार्यालयाची ओळखही 'खडकवासला रिसर्च स्टेशन' अशी. १९१६ साली सुरू झालेली आणि आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था तेथे आहे. गावाच्या नावाने पत्र घालावे, तर ते शेजारच्या संस्थेच्या नावाने पोचते!

१२ जुलै १९६१ चा दिवस या विस्मरणाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. आंबी नदीवरचे, बांधकाम पुरते न झालेले पानशेतचे धरण त्या सकाळी फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणाने काही तास पेलला आणि मग तेही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या आपत्तीवर मराठीत आठवणी, वृत्तांत, लेख विपुल आहेत आणि ते जवळजवळ सारे शहराचे आहेत. 'पानशेतचा पूर' असे आपण म्हणतो, पण त्या नावाखाली जे साहित्य येते ते पुण्याच्या पुराचे असते. ज्या गावाच्या उशाशी धरण फुटले, त्या गावाने तो दिवस कसा पाहिला, हे त्या साहित्यात शोधूनही क्वचितच सापडते.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसून आम्ही हे का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर नदीनेच दिलेले आहे. मुठा पुण्यात मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात येते. १९८० साली पूर्ण झालेल्या त्या धरणाचे पाणी सोलापूरच्या नळांना येते. खडकवासल्याच्या सांडव्यावरून सुटलेले पाणी, पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन का होईना, आमच्यापर्यंत पोचते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले, की पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते आणि बुडालेल्या गावांची आठवण माणसांना त्या तेवढ्या दिवसांपुरती होते. खडकवासल्याला असे देऊळही नाही. त्याचा भूतकाळ पाण्याखाली गेलेला नसून नावाखाली गेलेला आहे, आणि नाव काही उन्हाळ्यात आटत नाही.

प्रबोधिनीचा गौरव कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तेथील दीक्षान्त संचलनात 'अंतिम पग' ओलांडून तरुण देशाच्या सेवेत जातात. २०२२ साली मुलींना प्रथमच प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. ही घटना ऐतिहासिक आहे आणि ती नोंदलीही गेली आहे. मोठ्या संस्थांना स्वतःचे बखरकार मिळतातच. प्रश्न आहे तो बखरकार न मिळालेल्यांचा.

३० जून २०२१ रोजी खडकवासला पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि गाव म्हणून असलेले त्याचे कारभारी अस्तित्व संपले. यापुढे ते शहराचे एक उपनगर म्हणून मोजले जाईल. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना आमचे सांगणे असे, की स्थलनामांचा अभ्यास केवळ व्युत्पत्तीपाशी थांबवू नये. नाव कोणाकडून कोणाकडे गेले, हेही पाहावे. जमिनीचे जुने उतारे, जात्यावरच्या ओव्या, जत्रेच्या आठवणी, १९६१ साली धरणाखाली राहणाऱ्या आणि आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसांचे बोल, हे सारे अजून मिळण्याजोगे आहे. आणखी दहा वर्षांनी त्यांतले बोलणारे पुष्कळसे नसतील. उतारे तेवढे राहतील, आणि उतारे विचारल्याशिवाय बोलत नाहीत.