निबंध आणि निर्भयता

भुशीच्या मुक्कामीं, बाहेर पावसाची झड लागली असतां, आम्ही विद्यार्थ्यांचे मराठेशाहीवरील निबंध तपासीत होतों. सनावळी बिनचूक, स्वतःचें मत मात्र एकाहि निबंधांत नव्हतें. तेव्हां एल्फिन्स्टन कॉलेजांतील विद्यार्थी महादेव गोविंद रानडे आठवले. एका निबंधांत त्यांनीं इंग्रजी अमलाहून मराठ्यांचें राज्य सरस ठरविलें, म्हणून प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने रोखली. तरी रानड्यांनीं तो विषय सोडला नाहीं. १९०० सालीं मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आमच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ति मतासाठीं कोणी रोखीत नाहीं. मग ते भितात कशास? वह्या बाजूस ठेवतांना शंका आली: आजवर आम्हींच गुण कशाला दिले, सनावळीला कीं मताला?