स्वतःच्या कंपनीतून पैसे घ्यायचे कसे : पगार की लाभांश?

नया नगरपासून काशीमिऱ्यापर्यंत एसी, फॅब्रिकेशन, इंटिरिअर, वायरिंगचे ठेके घेणारी आपली बरीच मुलं आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात. कंपनी निघते आणि लगेच प्रश्न येतो: कमावलं आपणच, मग घरी न्यायचं कसं?

कायद्याने कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. सगळे शेअर तुमचे असले तरी तिच्या खात्यातला पैसा तुमचा नाही. दुकानाच्या गल्ल्यातून काढावेत तसे पैसे काढले की ते कर्ज ठरतं. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्यात बंधन आहे, शिवाय साठलेल्या नफ्याइतकी रक्कम लाभांश धरून आयकर खातं कर लावू शकतं.

सरळ मार्ग दोन. पगार हा कंपनीचा खर्च, म्हणून तो नफ्यातून वजा होतो. लाभांश मात्र कंपनीने कर भरल्यावर उरलेल्या पैशातून मिळतो आणि 2020 पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नातही धरला जातो. म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर.

हिशेबच करून पाहू. 2025-26 चे नव्या पद्धतीचे दर धरू. कंपनीचा सवलतीचा दर अधिभार-उपकरासह 25.168 टक्के. पगार देण्याआधीचा नफा 20 लाख.

सगळा पगार म्हणून घेतला तर 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन कर 1,92,400 रुपये. सगळा लाभांश म्हणून घेतला तर कंपनीचा कर 5,03,360 आणि तुमचा सुमारे 1,08,700, मिळून सहा लाखांच्या वर. तिसरा पर्याय, पगार 12 लाख 75 हजार. त्यावर तुम्हाला कर शून्य, आणि उरलेल्या 7 लाख 25 हजारांवर कंपनी 1,82,468 भरते. हा आकडा सर्वात कमी दिसतो खरा, पण इथे 5 लाख 42 हजार कंपनीतच अडकलेत. मशीन घ्यायचं किंवा पुढच्या कामाचा माल भरायचा असेल तर उत्तम. घरखर्चाला लागणार असतील तर पगारच बरा.

बीवी खरोखर हिशेब किंवा डिझाइनचं काम पाहत असेल तर तिलाही पगार देता येतो. मात्र त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण तिच्याकडे हवं, नाहीतर तिचा पगार तुमच्याच उत्पन्नात मिळवला जाईल. नुसतं नाव लावू नये.

शेजारचे व्यापारी हिंदू अविभक्त कुटुंबाची वेगळी फाइल काढून कर वाचवतात. ती सोय मुस्लिम कुटुंबांना नाही, तेव्हा कुणी सुचवली तरी तिच्या मागे लागू नका. दुसरा नेहमीचा सल्ला असतो कंपनीला कर्ज देऊन व्याज घेण्याचा. सूद टाळणाऱ्यांनी तोच पैसा शेअर भांडवल म्हणून घालावा. गाळा तुमच्या नावावर असेल तर कंपनीकडून बाजारभावाने भाडं घ्यावं. पालिकेचा कर वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते. आणि जकात कंपनीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती स्वतःच्या पैशातूनच द्यावी.

पगार ठरवताना संचालक मंडळाचा ठराव करा. दर महिन्याला बँकेतूनच द्या आणि कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरा. मार्चचा 30 एप्रिलपर्यंत चालतो. गिऱ्हाईक तुमच्या बिलातून कापतं तो 2 टक्के टीडीएस वेगळा, तो कंपनीच्या करात वळता होतो.

एवढं वाचून कुणाला वाटेल, कंपनी हवीच कशाला? उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर हा विचार अगदी रास्त आहे. एकट्याच्या नावावरच्या धंद्याला बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरता येतं. 60 लाखांच्या कामावर तो 3 लाख 60 हजार होतो, म्हणजे कर शून्य. कंपनीला ही सोय नाही. उलट काम असो-नसो दरवर्षी ऑडिट सक्तीचं, आणि कंपनी निबंधकाकडे वार्षिक फॉर्म उशिरा गेला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये.