झेव्हिअरचे जपानमधील धर्मकार्य

सोसायटी ऑफ जीझस (जेझुइट) या रोमन कॅथलिक धर्मसंघाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) याने १५४९ ते १५५१ या काळात जपानमधील बौद्ध समाजात केलेले ख्रिस्ती धर्मप्रसाराचे कार्य. सु. सव्वादोन वर्षांच्या या अल्प मुदतीत जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचा पाया घातला गेला. त्याचबरोबर एका धर्मातील कल्पना दुसऱ्या धर्माच्या भाषेत कशा सांगाव्यात, हा प्रश्नही धर्मोपदेशकांपुढे तीव्रतेने उभा राहिला. या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यत्वे या प्रश्नात आहे.

पार्श्वभूमी : झेव्हिअर १५४२ मध्ये गोव्यास आला. १५४७ च्या अखेरीस मलाक्का येथे त्याची आंजिरो या जपानी गृहस्थाशी गाठ पडली. मनुष्यवधाच्या आरोपामुळे आंजिरो मायदेश सोडून आला होता. त्याला गोव्यात आणून तेथील सेंट पॉल कॉलेजात शिक्षण देण्यात आले आणि १५४८ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. जपानी लोक जिज्ञासू व युक्तिवाद मानणारे आहेत, हे त्याच्याकडून ऐकून झेव्हिअरने तिकडे जाण्याचा निश्चय केला. कॉस्मे दे तोरेस, ज्वान फर्नांदेझ, आंजिरो व इतर काहीजण यांसह तो एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि मलाक्काहून एका चिनी गलबतातून १५ ऑगस्ट १५४९ रोजी आंजिरोच्या गावी, कागोशिमा येथे पोहोचला.

कागोशिमा : तेथील दाइम्यो (सरंजामदार) शिमाझु ताकाहिसा याने प्रारंभी धर्मोपदेशास अनुमती दिली. फुकुशोजी या झेन मठाचा वृद्ध अधिपती निन्शित्सु याच्याशी झेव्हिअरचा स्नेह जडला. मात्र आत्मा अमर आहे की नाही, या प्रश्नावर त्याच्याकडून निश्चित उत्तर मिळत नाही, असे झेव्हिअरने पत्रात नमूद केले आहे. अनात्मवाद मानणाऱ्या परंपरेत हा प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला जातो, याची त्याला कल्पना नव्हती.

झेव्हिअरला जपानी भाषा येत नव्हती. आंजिरोच्या साहाय्याने त्याने ख्रिस्ती शिकवणुकीचे जपानी भाषांतर तयार केले. ते रोमन लिपीत लिहून घेऊन तो लोकांना वाचून दाखवी. आंजिरो हा सामान्य गृहस्थ असल्याने चिनी भाषेतील बौद्ध ग्रंथ त्याला वाचता येत नसत. परिणामतः भाषांतरासाठी त्याने प्रचारातील बौद्ध शब्दच योजले. स्वर्गासाठी सुखावतीवाचक ‘जोदो’, नरकासाठी ‘जिगोकु’ आणि परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हे शब्द रूढ झाले. यांपैकी दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध. शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथात तो सर्व विश्वाचे मूलतत्त्व मानला जातो. विश्वाहून वेगळा असलेला सृष्टिकर्ता असा अर्थ या नावात नाही.

क्योतो व यामागुची : १५५० मध्ये पोर्तुगीज व्यापारी जहाज कागोशिमाऐवजी हिरादो बंदरात गेले. व्यापाराची आशा मावळल्याने व भिक्षूंच्या विरोधामुळे शिमाझुने धर्मांतरास बंदी केली. त्यानंतर झेव्हिअर हिरादो व यामागुची या मार्गाने ऐन हिवाळ्यात क्योतोला गेला. सम्राटाकडून सर्व देशात उपदेशाची अनुमती मिळवावी, हा त्याचा हेतू होता. परंतु यादवी युद्धांनी राजधानी उद्ध्वस्त झाली होती व सम्राटाची सत्ता नाममात्र उरली होती. त्याची भेट न होताच सु. अकरा दिवसांनी झेव्हिअर परतला.

गरीब यात्रिकाच्या वेशाचा येथे उपयोग होत नाही, हे ध्यानात आल्यावर १५५१ च्या वसंत ऋतूत तो यामागुचीच्या ओउची योशिताका या दाइम्योपुढे राजदूताच्या थाटात गेला. गोव्याच्या गव्हर्नराची व बिशपची पत्रे, तसेच घड्याळ, चष्मे इ. भेटवस्तू त्याने सादर केल्या. योशिताकाने उपदेशाची अनुमती व राहण्यास एक रिकामा मठ दिला. येथे सु. पाचशे लोकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांत लोरेंसो या नावाने पुढे प्रख्यात उपदेशक झालेला, दृष्टी अधू असलेला एक बिवावादक होता.

शब्दांचा पेच : यामागुचीतील शिंगोन भिक्षूंनी झेव्हिअरचे प्रथम आनंदाने स्वागत केले. दोघांची शिकवण एकच आहे, असे त्यांना वाटले. त्रैक्य व ख्रिस्ताचा अवतार यांविषयी झेव्हिअरने त्यांना प्रश्न विचारले, तेव्हा दोन्ही पक्षांचा भ्रम दूर झाला. दाइनिचीची पूजा करू नका, असे त्याने रस्त्यातून जाहीर करविले आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्द स्वीकारला. विरोधकांनी त्यावर ‘दाइ उसो’ (मोठे असत्य) अशी कोटी केली.

याहून गंभीर अडचण पितरांची होती. बाप्तिस्म्याविना मृत झालेल्या पूर्वजांची नरकातून सुटका नाही, हे ऐकून नवख्रिस्ती शोक करीत, असे झेव्हिअरच्या १५५२ मधील पत्रावरून दिसते. मृतांसाठी केलेली प्रार्थना व दान त्यांना तारते, अशी त्यांची पूर्वापार श्रद्धा होती. नव्या धर्माचा स्वीकार म्हणजे त्यांच्या दृष्टीने आईबापांचा कायमचा वियोग होता.

परिणाम : बुंगो प्रांताचा दाइम्यो ओतोमो योशिशिगे याची भेट घेऊन झेव्हिअर नोव्हेंबर १५५१ मध्ये भारताकडे निघाला. पुढे चीनमध्ये प्रवेशाची वाट पाहत असता शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्याचे निधन झाले. त्याचा देह १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. त्याच्या मागे जपानमधील कार्य तोरेसने चालविले.

केवळ शब्द बदलून गैरसमज नाहीसा झाला नाही. भारतातून, म्हणजे बुद्धाच्या देशातून आलेले हे उपदेशक बौद्ध धर्माचाच एखादा पंथ शिकवितात, ही समजूत टिकून राहिली. १५५२ मध्ये यामागुचीच्या नव्या दाइम्योने त्यांना मठाची जागा दिली, ती बुद्धाच्या धर्माचा प्रसार करण्यासाठी आलेले पश्चिमेकडील भिक्षू म्हणूनच. १५५५ च्या सुमारास बाल्थाझार गागो याने बौद्ध संज्ञा काढून पोर्तुगीज व लॅटिन शब्द रूढ केले. भाषाभ्यासासही पुढे जोर आला व १६०३–०४ मध्ये जेझुइटांनी नागासाकी येथे सु. ३२,००० शब्दांचा जपानी-पोर्तुगीज कोश छापला.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. ती १८७३ पर्यंत टिकली. या काळात गुप्तपणे धर्म पाळणाऱ्यांनी आपल्या प्रार्थनांत ‘देउस’सारखे परकी शब्द पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, मात्र त्यांतील पुष्कळांचा अर्थ लोप पावून केवळ उच्चार उरला. बौद्ध शब्द घेतल्यास नव्या धर्माचे वेगळेपण हरपते आणि परकी शब्द ठेवल्यास त्याचा आशय दुरावतो. झेव्हिअरच्या अल्पकालीन कार्यात प्रकट झालेला हा पेच जपानी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात दीर्घकाळ टिकून राहिला.