डोलकाठीतला डोल

आजा जयगडच्या गलबतावर तांडेल होता. मंगळुरी कौलं भरून मुंबई गाठायची, हे त्याचं काम. मी एका क्लबात फायबरच्या शर्यतीच्या होड्या सांभाळतो: ॲल्युमिनियमची डोलकाठी, स्टीलच्या तारा, त्या ताणायचे स्क्रू. माझ्याकडे सगळं एकदा घट्ट करून ठेवायचं. आजाकडे तसं फारच थोडं होतं.

गलबताची डोलकाठी नाळेकडे किंचित झुकलेली. बुंध्याचं कुसू तळाच्या जाड लाकडातल्या खोबणीत बसवायचं, वर तुळईशी काथ्याच्या दोराचे वेढे, फटीत पाचरी. खरी गंमत बाजूच्या ताणांची, म्हणजे काठीला बाजूंनी धरणाऱ्या दोरांची. ते कायमचे बांधलेले नसतच. तिरकोनी शिडाचं परबाण, म्हणजे शीड बांधायची काठी, दोन-तीन लाकडं एकाला एक बांधून केलेलं, चांगलंच लांब. वाऱ्याची बाजू बदलायची तर ते डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, ताण सोडायचे आणि वाऱ्याकडच्या अंगाला नव्याने आवळायचे. परबाण चढवायचा जाड दोरच मागून काठीला धरून ठेवी. म्हणजे एकेक गाठ सफरीत कितीदा तरी खलाशाच्या हाताखालून जाई. काथ्या कुठे पिंजला, कप्पी कुठे खाल्ली गेली, हे बोटांनाच कळे. वेगळी तपासणी कशाला?

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या जहाजांची तऱ्हा निराळी. १८१७ साली पाण्यात उतरलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला आहे. त्या जातीच्या जहाजांचे ताण कायमचे, डांबर चोपडलेले. तिथे माणूस मुद्दाम वर चढवून बघावं लागे. माझा धंदा त्या घराण्यातला.

आजाची एकच तपासणी ठरलेली. पावसाळ्यात गलबत शाकारून ठेवलेलं असे. नारळी पौर्णिमा जवळ आली की तो बुंध्यावर वाकस उलटा करून ठोके मारी. टणटणीत आवाज आला तर ठीक. भद्द वाजलं की समजायचं, खोबणीत पाणी मुरलंय. मग पाचरी काढा, काठी उचला, सगळं पहिल्यापासून.

दोन वर्षांपूर्वी मार्चात माझ्या हातची एक डोलकाठी पाण्यात गेली. तारेचा स्क्रू उलटा फिरू नये म्हणून त्यात काडीएवढी पिन असते. शीड फाटू नये म्हणून मी तिच्यावर पांढरी टेप गुंडाळली होती, छान, तुळतुळीत. दोन हंगाम ती कुणी उलगडली नाही, मीसुद्धा. आत पिन तुटलेली. होडीच्या हादऱ्यांनी स्क्रू आटा आटा करत सुटत गेला आणि भर वाऱ्यात तार निसटली. पोरं वाचली, काठी दुमडली.

आता दर शनिवारी टेप सोलतो, पिन चाचपतो, नवी टेप गुंडाळतो. महिन्याला एक रीळ संपतं. क्लबाचा हिशेबनीस त्यावरून कुरकुरतो.